ब्रेसेसभोवती खडूसारखे पांढरे डाग दिसत आहेत. तार काढावी लागेल का?

नमस्कार. माझी मुलगी 13 वर्षांची असून तिला ब्रेसेस बसवून 8 महिने झाले आहेत. परवा तिचे दात कापसाने कोरडे करून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा वरच्या पटाशीच्या दातांच्या शेजारच्या दोन्ही दातांवर, ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) आणि हिरडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, खडूने ओढल्यासारखी पांढरी कोर दिसली. नख फिरवले तर खड्डा लागत नाही आणि लाळेने दात ओला झाला की डाग जवळजवळ दिसेनासा होतो. ती दिवसातून दोनदा ब्रश करते, परंतु ब्रश तारेवरून आडवा घसरतो आणि हिरडीलगतचा भाग तसाच राहतो, हे माझ्या आता कुठे लक्षात आले.

मागच्या भेटीत डॉक्टरांनी ‘नीट घासा’ एवढेच सांगितले. नीट म्हणजे कसे, हे विचारायचे माझ्याकडून राहिले. पुढची भेट 5 आठवड्यांनी आहे. ही कीड आहे का, डाग जातील का, आणि मुख्य म्हणजे उपचार अर्धवट सोडून ब्रेसेस काढाव्या लागतील का? फ्लोराइडच्या माउथवॉशचा खरोखर उपयोग होतो का, हेही कोणी जाणकाराने सांगावे.

प्रतिसाद:

मी दंतवैद्य आहे. दात प्रत्यक्ष न पाहता निदान करता येत नाही. तरी आपण केलेले वर्णन किडीच्या अगदी पहिल्या पायरीशी जुळते. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधील (दाताच्या बाहेरील कठीण आवरणातील) कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. वरचा पातळ थर शाबूत राहतो आणि त्याखालचा भाग पोकळसर होतो, म्हणूनच नखाला खड्डा लागत नाही. ब्रॅकेटमुळे दात किडत नाही. त्याच्या आडोशाला जंतूंचा चिकट थर साचतो, आणि असा थर न निघाल्यास डाग उमटायला 4 आठवडेही पुरतात. म्हणून 5 आठवडे थांबू नका, फोन करून भेट अलीकडे घ्या. केवळ एवढ्या डागांसाठी ब्रेसेस सहसा काढाव्या लागत नाहीत. डाग अनेक दातांवर पसरत असतील आणि सफाई सुधारत नसेल, तरच डॉक्टर तो विचार करतात.

घासताना ब्रशचे केस हिरडीकडे तिरके धरून आधी ब्रॅकेटच्या वरची पट्टी, मग खालची पट्टी, अशी दोन वेगळी कामे समजावीत आणि शेवटी दातांच्या फटींत वापरायचा बारीक ब्रश तारेखालून फिरवावा. थर रंगवून दाखवणारी गोळी एकदा चघळायला दिली, तर कुठे राहून जाते हे मुलीला स्वतःच आरशात दिसेल. माझ्या अनुभवात दहा वेळा रागावण्यापेक्षा याचा परिणाम अधिक होतो.

पेस्ट फ्लोराइडची असावी आणि घासून झाल्यावर फेस फक्त थुंकावा, पाण्याने खळखळून चूळ भरू नये, नाहीतर फ्लोराइड वाहून जाते. 0.05 टक्के सोडियम फ्लोराइडचा माउथवॉश उपयोगी आहे, मात्र तो घासण्याच्या वेळी नव्हे तर एरवी, उदाहरणार्थ शाळेतून आल्यावर, वापरावा. त्याने घासण्याची उणीव भरून निघत नाही. दवाखान्यात 5 टक्के सोडियम फ्लोराइडचे वार्निश (दातांवर फासायचा चिकट लेप) लावून घेण्याविषयी अवश्य विचारा. गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे अधिक महत्त्वाचे असते, कारण प्रत्येक वेळी लाळेला आम्ल निवळायला अर्धा तास किंवा त्याहून अधिक लागतो. त्यामुळे गोड पेय घोट घोट करून तासभर पिणे सर्वांत वाईट. रात्री लाळ कमी सुटते, म्हणून शेवटच्या घासण्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नका.

डाग पिन किंवा नखाने खरवडू नका, वरचा थर फुटला तर भरणाशिवाय इलाज उरत नाही. ब्रेसेस निघाल्यावर असे डाग काही महिन्यांत फिके होतात, क्वचितच पूर्ण जातात; जे उरतील त्यांत पातळ रेझिन (नंतर घट्ट होणारे द्रव) मुरवून ते झाकता येतात, पण तो निर्णय तेव्हाचा.