भाड्याचं घर सोडताना डिपॉझिट पूर्ण परत मिळण्यासाठी काय करावं?

उंबरठा:
तीन वर्षं राहून भाड्याचं घर सोडतोय. करारात आहे तशी महिन्याची नोटीस लेखी दिली आहे. घरमालकांचं म्हणणं, सगळ्या घराचा रंग आणि साफसफाई डिपॉझिटमधून कापणार. हॉलच्या एका भिंतीवरचे डाग आमच्यामुळे पडलेत, ते मान्य. बाकीच्या भिंती नुसत्या फिकट झाल्यात. राहायला आलो तेव्हाचे फोटो आहेत, पण सह्या केलेली यादी नाही. किती कापू द्यावं? चावी देण्याआधी काय उरकावं? आणि शेवटचं भाडं न भरता ते डिपॉझिटमधून वळतं करायला सांगितलं तर चालेल का?

मोजपट्टी:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: करारात तशी मुभा नसेल तर भाडं अजिबात अडवू नका. करार तुम्ही मोडला असं होतं आणि आतापर्यंत बाजू तुमची असली तरी मालकांच्या हातात आयतं कारण जातं.

आता रंग. वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, कारण त्या वापराचंच भाडं तुम्ही दिलेलं असतं. फिकट रंग, दाराच्या मुठीचा गेलेला चकाकता थर, चालण्याच्या वाटेवर घासलेली फरशी ही झीज. फुटलेली काच, जळालेला ओटा, उखडलेली बिजागरी हे नुकसान. नुकसानीतही वस्तूचं वय वजा होतं. समजा रंग पाच वर्षं टिकेल असा होता आणि तुम्ही येताना ताजा होता. तीन वर्षं वापरून झाली, दोन उरली. म्हणजे डागाळलेल्या भिंतीच्या खर्चाचे दोन पंचमांश, ४० टक्के, एवढंच तुमच्याकडे येतं, आणि तेही त्या एका भिंतीचं. बाकीच्या भिंतींचं काही नाही. रंग तुम्ही येण्याआधीच दोन वर्षं जुना असेल तर त्या भिंतीचंही जवळजवळ काही उरत नाही. म्हणून शेवटचा रंग कधी लावला ते आत्ताच लेखी विचारून ठेवा.

कापलेल्या प्रत्येक रकमेमागे बिल मागा. कच्चा अंदाज म्हणजे बिल नव्हे. करारात रंगकामाची ठरावीक रक्कम लिहिलेली असेल तर मात्र गणित बदलतं, तेव्हा ते कलम आधी वाचा.

पाना_पक्कड:
जे स्वतः करता येतं ते करूनच चावी द्या. मालकांनी माणूस बोलावून केलेलं तेच काम हमखास महाग पडतं.

खिळ्यांची भोकं पुट्टीने भरा, वाळल्यावर बारीक पॉलिशपेपरने घासा. पण भोकाएवढाच नवा रंग लावू नका. जुना रंग उतरलेला असतो, त्यामुळे ठिपका लांबून दिसतो आणि कापायला नवं निमित्त मिळतं. लावायचाच तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत करा. नळावरचा क्षाराचा थर व्हिनेगरने निघतो, मात्र संगमरवरावर त्याचा थेंबही पडू देऊ नका, दगडाची चमक जाते. फ्रिज घराचा असेल तर आदल्या दिवशीच बंद करून बर्फ वितळू द्या आणि दार उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते.

फोटो सामान निघाल्यावर, साफसफाईनंतर, दिवसाउजेडी काढा: प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून, मग कपाटांच्या आतले, सिंकखालचे. नळ, फ्लश, दिवे, पंखे चालू करून सलग व्हिडिओ घ्या. मीटरचं रीडिंग आणि मीटर क्रमांक एकाच फोटोत यायला हवा. चॅटवरून फोटो पाठवला की तो लहान होतो, तारखेसारखे तपशीलही अनेकदा निघून जातात. म्हणून मूळ फाइली जपा आणि एक प्रत त्याच दिवशी मालकांना ईमेल करा.

उंबरठा:
फार उपयोगी माहिती. मालक पाहणीला यायचं टाळताहेत, आणि नवा भाडेकरू आला की पैसे देतो म्हणतात. मग?

टपालपेटी:
पाहणीसाठी दोन तारखा लेखी सुचवा. तरी आले नाहीत तर त्रयस्थ साक्षीदारासमोर यादी करून त्याची सही घ्या. चाव्या मोजून द्या आणि पोच घ्या: किती चाव्या, कोणाला, कधी. पोच नसेल तर ताबा मिळालाच नाही असं सांगून पुढचं भाडं लावलं जातं. पैसे खात्यात येईपर्यंत ‘काही येणे बाकी नाही’ अशा कागदावर सही करू नका.

नवा भाडेकरू कधी येतो याच्याशी तुमच्या पैशांचा संबंध नाही, करारात तसं कबूल केलेलं नसेल तर. मुदत करार आणि तिथला कायदा ठरवतो. कॅलिफोर्नियात ताबा सुटल्यापासून २१ दिवसांत कपातीचा तपशील आणि उरलेली रक्कम द्यावी लागते. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात रास्त कपात करून ताबा घेण्याच्या दिवशीच परतफेड सांगितली आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच तिथे लागू.

मुदत उलटली की मागणीपत्र पाठवा. त्यात घराचा पत्ता, कराराची तारीख, डिपॉझिट किती आणि कसं दिलं, चावी दिल्याची तारीख, कोणती कपात मान्य, कोणती अमान्य आणि का, बँक खातं, आणि उत्तरासाठी १४ दिवस. भाषा थंड ठेवा, हेच पत्र उद्या न्यायाधीशांसमोर जाईल. पोच मिळेल अशा टपालाने पाठवा, शिवाय ईमेल करा. अर्धी रक्कम आली तर घ्या, पण त्याच दिवशी लिहून कळवा की ही अंशतः पोच आहे, उरलेल्या रकमेवरचा हक्क सोडलेला नाही. चेकवर किंवा सोबतच्या पत्रात ‘अंतिम हिशेब’ असं लिहिलेलं असेल तर मात्र तो वटवण्याआधी वकिलाला दाखवा.

मोजपट्टी:
एक राहिलं. करारावर दोघातिघांची नावं असतील तर परतफेड कोणाच्या खात्यात करायची ते सगळ्यांच्या सहीने मालकांना कळवा. एकाला पैसे मिळाले की बाकीच्यांची मागणी मालकांकडून सरकून त्याच्याकडे जाऊ शकते.