साठीला आलो, दर चार-पाच आठवड्यांनी वजनं हलकी करावी का?

खारपाणवाला (वय ५९, दर्यापूर तालुका)

नमस्कार मंडळी. मी शेतकरी माणूस, वजन ७१ किलो. खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, नऊ एकर कोरडवाहू वावर आहे. कपाशी, तूर, थोडा मूग, आणि पाऊस बरा राहिला तर मागून हरभरा. एक बैलजोडी अजून दारात आहे. तीन वर्षांपूर्वी जेवून उठताना जमिनीला हात टेकावा लागायला लागला, साखरही काठावर आली, तेव्हा तालुक्याच्या जिममध्ये नाव घातलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहाला मोटारसायकलनं १४ किलोमीटर जातो. आज स्क्वॅट (खांद्यावर बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजनं लावलेला दांडा, घेऊन बैठक) ७० किलो, डेडलिफ्ट (तोच जमिनीवरून उचलणं) ९५, बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून तो छातीवरून वर ढकलणं) ५०, प्रत्येकी तीन सेट, एका सेटमध्ये सलग पाच वेळा. आता पंगतीतून हात न टेकता उठतो. ही गोष्ट मला किती मोलाची आहे, ते मलाच माहीत.

अडचण अशी की महिनाभर सगळं छान चालतं आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात बिनसतं. रात्री तीनला झोप उघडते. सदरा घालताना उजवा खांदा चमकतो. मागच्या सोमवारी सहज उठलेलं वजन जमिनीला चिकटल्यासारखं होतं. मी तरी दामटतो. मग काहीतरी दुखावतं आणि पंधरा-वीस दिवस घरी बसतो. गेल्या वर्षी तीनदा झालं: फेब्रुवारीत कंबर, जुलैत कोपर, ऑक्टोबरात खांदा. तिन्ही वेळा ४० किलोपासून परत सुरुवात.

ठरवून एक आठवडा हलका घ्यावा, असं ऐकलं. जिममध्ये शिकवणारा पोरगा पंचविशीचा आहे, मन लावून शिकवतो, पण तो म्हणतो, "काका, या वयात गॅप पडला की कमावलेलं सगळं जाते." मलाही हीच भीती आहे. माझे वडील खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडले होते. महिन्याभरात त्यांची मांडी माझ्या दोन पंजांत मावायला लागली. रोज तेल मीच लावत होतो, म्हणून माझ्या हातांना ते अजून आठवतं.

तर किती आठवड्यांनी थांबावं? पूर्ण बंद, की नुसतं हलकं? आणि वावरातलं काम यात धरायचं की नाही? पोळा बारा दिवसांवर आहे, आणि युरियाचा दुसरा डोस, फवारणी, दोन्ही तोंडावर आहेत.

अकोटचा गडी (वय ३२)

काकाजी, मी त सुट्टी घेतच नाई. चार वर्षं झाले, ताप आला तरच घरी रायतो. जिथं दुखते तिथं थोडं कमी करा, बाकी चालू ठेवा. बंद केलं की आळस चढते. माह्या मोठ्या भावानं एक आठवडा म्हणून सुट्टी घेतली, तो परत गेलाच नाई. पण तुमच्या वयाचा अनुभव मले नाई, मोठ्या लोकायनं सांगावं.

बगीचेवाला (वय ६७, वरुड)

भाऊ, तुमच्या वयाचा असताना माझंही नेमकं हेच होत होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी नोकरी लाईनमनची, आता संत्र्याचा बगीचा पाहतो. लहानपणी गावच्या आखाड्यात जोर, बैठका आणि मुदगल केले. पन्नाशीत बारबेल धरला, त्याला सतरा वर्षं झाली. आपल्या भागाला व्यायाम नवा नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, आणि तिथले खेळाडू १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवून आले. पण आखाडा तरण्या पोरांचा. साठीच्या माणसानं किती करावं आणि कधी थांबावं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. ते शिकण्यात माझी दोन वर्षं गेली.

आधी वडिलांबद्दल. तुमची भीती खरी आहे, पण ती खाटेची आहे. २००७ सालच्या एका अभ्यासात साधारण सदुसष्ट वर्षांच्या निरोगी माणसांना १० दिवस बिछान्यावर ठेवलं, तर त्यांच्या पायांचं सुमारे एक किलो मांस गेलं. इतकं ते झपाट्यानं जातं. पण तुम्ही हलक्या आठवड्यात खाटेवर नसता. धुऱ्यावरून चालता, बैल सोडता-बांधता, पाणी भरता. हिंडत्या-फिरत्या माणसाची ताकद एका आठवड्यात उतरत नाही. थोडं बारीक झाल्यासारखं वाटतं, कारण स्नायूंमधली साखर आणि तिच्यासोबतचं पाणी कमी होतं. ते दोन दिवसांत परत भरतं.

पूर्ण बंद करण्याचाही फार फायदा नाही. २०२४ ला तरुण, सराव असलेल्या लोकांवर नऊ आठवड्यांचा एक अभ्यास झाला. एका गटानं मधला एक आठवडा पूर्ण सुट्टी घेतली, दुसऱ्यानं नाही. स्नायू दोघांचे सारखेच वाढले. पायांची ताकद मात्र न थांबणाऱ्यांची जरा जास्त वाढली. म्हणजे सुट्टीनं बिघडत फारसं नाही, आणि नुसत्या सुट्टीनं जादूही होत नाही. ते सगळे तरुण होते, हेही ध्यानात ठेवा. आपल्याला हा आठवडा हवा तो सांध्यांसाठी, शिरांसाठी आणि झोपेसाठी.

कारण असं की मांस लवकर तयार होतं, पण मांसाला हाडाशी बांधणारी दोरी, कंडरा, सावकाश तयार होते. तिला रक्त कमी मिळतं, आणि वय वाढलं की ती आणखी मंद होते. चार आठवड्यांत तुमच्या मांड्या ७५ किलोला तयार होतात, गुडघ्याची आणि खांद्याची दोरी मागे राहते. पाचव्या आठवड्यात सदरा घालताना जे चमकतं, ते तिचं सांगणं आहे.

मी साठीपर्यंत चार आठवडे जोराचे आणि एक हलका, असं केलं. त्यानंतर तीनावर एक. तुम्ही चारावर एक धरा. हलक्या आठवड्यात जिमला जायचंच, त्याच दिवशी, त्याच वेळी. अकोटच्या भावानं सांगितलेली आळसाची गोष्ट खरी आहे. सकाळी सहाची सवय मोडू द्यायची नाही. व्यायामही तेच. वजन थोडं उतरवा, पण सेट मात्र बरेच कमी करा. तुमचा स्क्वॅट ७० चा तीन सेट, तर त्या आठवड्यात ६० चे दोन. डेडलिफ्ट ८० चा एकच सेट, आणि तोही फक्त एका दिवशी. बेंच खांदा बरा असेल तरच. प्रत्येक सेट संपताना अंगात अजून चार-पाच वेळा उचलण्याची ताकद शिल्लक वाटली पाहिजे. वेळ उरला म्हणून नवीन व्यायाम करून पाहायचा नाही. अंग सगळ्यात जास्त दुखतं ते नव्या व्यायामानं.

आता वावर. माझी दोन वर्षं इथंच वाया गेली.

मी जिममध्ये हलका आठवडा घ्यायचो आणि मोकळा वेळ मिळाला म्हणून त्याच आठवड्यात बगीच्याची सगळी साठलेली कामं काढायचो. आळे करणं, ड्रिपच्या नळ्या ओढणं, खत उतरवणं. मग सोमवारी बारबेलखाली उभा राहिलो की पाय आधीच गेलेले. मला वाटायचं, हे हलक्या आठवड्याचं प्रकरण खोटं आहे. एकदा हिशोब मांडला. युरियाची बॅग २०१८ पासून ४५ किलोची झाली, डीएपीची अजून ५०. ट्रॉलीतून दहा बॅगा खोलीत नेल्या म्हणजे साडेचारशे किलोच्या वर, आणि त्या पाठ वाकवून, पिळून, घाईघाईत. जिममध्ये ४५ किलो आपण कसं नीट, पाठ सरळ ठेवून उचलतो! फवारणीचा पंप १६ लिटरचा. पंपासकट वीस किलोच्या आसपास दोन्ही खांद्यांवर, चिखलात, दिवसाला बारा-पंधरा पंप. तुमचं कोपर जुलैत गेलं म्हणता. बहुतेक ते जिममध्ये गेलं नसेल, पंपाचा दांडा मारून मारून गेलं असेल आणि बारबेलवर फक्त बोललं असेल.

म्हणून मी आता उलटं करतो. वर्षाच्या सुरुवातीला कालनिर्णयवर आधी शेतीचे जड आठवडे मांडतो: मृगाची पेरणी, खताचे दोन डोस, फवारण्या, तोडणी. त्यांच्यावर जिमचे हलके आठवडे बसवतो. आणि दोन्ही बाजूंनी हलका असा एक आठवडा वर्षातून तीन-चारदा मुद्दाम राखतो. त्यात बॅगा दुसऱ्याकडून उचलून घेतो, मजुरी देऊन. पाचशे रुपये जातात, वीस दिवसांची खाट वाचते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की तेव्हाही दोन आठवडे निम्मंच करतो. उन्हाळ्यात रात्री झोप लागत नाही, आणि अंगाची झीज भरून येते ती झोपेत.

आमच्याकडे आंबिया बहाराआधी संत्र्याला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. झाड थांबतं आणि मग फुलतं. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. पण अशक्त झाडाला तसाच लांब ताण दिला तर ते पानं टाकतं. मी एरवी हलका आठवडा आठ दिवसांच्या वर का नेत नाही, ते मला बगीच्यातच कळलं.

आणखी एक. हलक्या आठवड्यात जेवण कमी करू नका. आपल्या वयात किलोमागे १.२ ग्रॅम तरी प्रथिनं हवीत, तुम्हाला साधारण ८५ ग्रॅम. वरण पातळ नको, घट्ट. भिजवलेले हरभरे, दूध, अंडी चालत असतील तर अंडी. नुसत्या भाकरीवर ते होत नाही.

छातीत दाब, पायाला मुंग्या, रात्री ठणकणारा सांधा, यातलं काही असेल तर तो हलक्या आठवड्याचा विषय नाही. सरळ डॉक्टर गाठा.

अंगणवाडीची ताई (वय ५४, यवतमाळ जिल्हा)

बगीचेवाल्या काकाजींचा शेतीचा हिशोब वाचून फार बरं वाटलं, कारण बाईच्या कामाचा हिशोब कोणी धरत नाही. मी दोन वर्षांपासून घरीच डंबेल आणि एका जुन्या बारनं व्यायाम करते. डॉक्टरनं हाडं ठिसूळ होत असल्याचं सांगितलं, तेव्हापासून. दिवाळीनंतर वेचणी लागली की सुट्टीच्या दिवशी मी पण वावरात असते. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचं, संध्याकाळी स्वयंपाक. पहिल्या वर्षी मी त्यात डेडलिफ्ट चालू ठेवला आणि कंबर अशी धरली की चुलीसमोर बसता येईना.

आता वेचणीच्या दिवसांत डेडलिफ्ट पूर्ण बंद. आठवड्यातून एकदा स्क्वॅटचे दोन सेट आणि भिंतीला टेकून जोर, बस. त्यानं ताकद टिकली, संक्रांतीनंतर तीन आठवड्यांत जुन्या वजनावर आले. भाऊ, तुमच्या घरात कोणाला व्यायाम लावायचा असेल तर त्यांचाही हिशोब असाच धरा.

खारपाणवाला

ताईंचं म्हणणं मी घरी वाचून दाखवलं. घरून एवढंच आलं की "मग दळण तुम्ही आणत जा." या शनिवारपासून मी आणतो आहे.

बगीचेवाले दादा, जुलैत कोपर दुखलं तो नेमका फवारणीचाच आठवडा होता. डायरी काढून पाहिली. फेब्रुवारीत कंबर गेली तेव्हा हरभरा काढून चुंगडी (पोती) भरली होती. ऑक्टोबरात खांद्याच्या आधी तीन दिवस फवारणी. तीन वर्षं मी सगळं जिमच्या माथी मारत होतो.

असं ठरवलं आहे: पोळ्याचा आठवडा हलका. स्क्वॅट ६० चे दोन सेट, डेडलिफ्ट बुधवारी ८० चा एक, बेंच नाही. युरिया त्याच्या आधीच्या आठवड्यात टाकून घेतो, सहा बॅगा, आणि उतरवायला दोन पोरं सांगितली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं शेकतो, त्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाही, माझ्याही खांद्यावर बार नाही. फवारणी मात्र टळत नाही, बोंडअळीचे पतंग सापळ्यात दिसायला लागले. तिचं काय करू?

बगीचेवाला

दोन दिवसांत उरकायची ती चार सकाळींत वाटा, ऊन चढायच्या आत. पंप पूर्ण भरू नका, दहा लिटरच घ्या. फेऱ्या वाढतात पण खांदा राहतो. बॅटरीचा पंप मिळाला तर फारच बरं, दांडा मारायचं वाचतं. औषधाचं प्रमाण पाण्याच्या मापानंच घ्या, आणि तोंडाला, हाताला बांधल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका.

खारपाणवाला (सात आठवड्यांनी)

सांगायचं राहिलं होतं. पोळ्याचा आठवडा ठरल्याप्रमाणे हलका घेतला. शेजाऱ्याचा बॅटरीचा पंप भाड्यानं आणला. पहिले तीन दिवस अस्वस्थ वाटलं, जिममधून निघताना काहीतरी चोरून चाललो असं. चौथ्या रात्री सलग सहा तास झोप लागली.

पुढच्या सोमवारी ७० किलो हलके वाटले असं म्हणणार नाही, पण पाचवा स्क्वॅट पहिल्यासारखाच उठला. तिथून चार आठवडे नेटानं केले, स्क्वॅट ७२.५ ला आहे, डेडलिफ्ट ९७.५. मूग निघाला, चुंगडी मी एकही उचलली नाही. सदरा घालताना खांदा चमकत नाही. डावा गुडघा पायऱ्यांवर अजून कुरकुरतो, त्यात फरक नाही. तो दाखवून घेणार आहे. गेल्या आठवड्यात दुसरा हलका आठवडा झाला. जिमच्या पोरानं विचारलं, "काका, आजारी होता का?" त्याला डायरी दाखवली. त्यानं शांतपणे सगळी पानं वाचली आणि स्वतःच्या वडिलांना पुढच्या सोमवारी घेऊन येतो म्हणाला. ते माझ्याच वयाचे आहेत, हमाली करतात.