आवाज बदलता येत नाही

‘पासवर्ड मजबूत ठेवा, ओटीपी देऊ नका, बस झालं’ असं ऑनलाइन फसवणूक टाळण्याबद्दल अनेक जण म्हणतात; ते मत मला अपुरं वाटतं. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या आत्याला मागे एक फोन आला. आवाज हुबेहूब तिच्या मुलाचा, रडवेला, ‘अपघात झाला, पैसे पाठव’. मुलगा समोर जेवत बसला होता म्हणून ती वाचली. यात ओटीपी कुठे आला? एआयला आवाजाची नक्कल करायला काही सेकंदांचा नमुना पुरतो. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. आवाज, चेहरा, बोटांचे ठसे कसे बदलणार? आणि तेच आपण प्रत्येक अ‍ॅपला देत सुटलोय.

24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्यात आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते. 2023 मध्ये डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. पण संमती म्हणजे न वाचता दाबलेलं बटण असेल तर त्या अधिकाराचं काय उरतं? मला खरी भीती याची वाटते.

आम्ही घरात एक खुणेचा शब्द ठरवलाय. पैसे मागणारा तो सांगू शकला नाही, की फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.