जुनी इनोव्हा (२केडी डिझेल): आधी इंजेक्टरचे वायसर, की चारही इंजेक्टर एकदम?

डिझेलप्रेमी

विषय २००५ ते २०१६ मधल्या इनोव्हाचा आहे. २४९४ सीसी, २केडी-एफटीव्ही इंजिन. आपल्याकडे टूरिस्ट पासिंगच्या आणि घरच्या मिळून अशा गाड्या अजून भरपूर पळताहेत, आणि दोन-अडीच लाख किलोमीटर ही त्यांच्यात नवलाईची गोष्ट नाही.

माझं मत असं की इंजेक्टरखालचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाखालचे) तांब्याचे वायसर आणि त्यांच्यासोबतचे सील हे टायमिंग बेल्टसारखं ठरावीक किलोमीटरला करायचं काम समजावं. गळती दिसायची वाट बघू नये. इंजेक्टर मात्र बेंचवर (इंजेक्टर काढून तपासायच्या यंत्रावर) नापास झाल्याशिवाय बदलू नयेत.

वायसरवर एवढा जोर देण्याचं कारण या इंजिनाच्या रचनेत आहे. बऱ्याच डिझेल इंजिनांत इंजेक्टरचं बूड लीक झालं की गॅस बाहेर येतो, "चक-चक" आवाज येतो, बाहेरच काळा डांबरासारखा थर साचतो आणि मिस्त्रीला लगेच दिसतो. इथे इंजेक्टर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) आतून वर येतात आणि क्लॅम्पही आतच आहेत. त्यामुळे जळका गॅस कव्हरखालीच कोंडतो आणि काजळी ऑइलमध्ये जाते. ऑइल घट्ट होतं, कार्बनच्या खपल्या खाली चेंबरमध्ये (ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात) उतरतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. जाळी चोंदली की पंपाला ऑइल ओढता येत नाही, आणि मग बेअरिंग जातात. ड्रायव्हरला कळतं ते थेट ऑइलचा दिवा लागल्यावर.

वायसर काही शे रुपयांचे आणि त्यापायी अख्खं इंजिन उतरतं. म्हणून दर लाख किलोमीटरला बदला.

टॉर्कपाना

वायसरबद्दल एकमत. इंजेक्टरबद्दल नाही.

हाय-प्रेशर पाईप, टॅपेट कव्हर, आतला रिटर्न पाईप (इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल परत नेणारा) आणि क्लॅम्प एवढं सगळं काढल्यावर अडीच लाख चाललेले तेच इंजेक्टर परत बसवायचे? सहा महिन्यांनी त्यातला एक गेला की पुन्हा कव्हर, पुन्हा गॅस्केट, पुन्हा चार वायसर, पुन्हा मजुरी. आणि तेव्हा फक्त तो एकच बदलला तर एक नवा आणि तीन झिजलेले अशी जोडी जमते. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सिलिंडरमधला फरक भरून काढतो हे खरं, पण ती दुरुस्ती आयडलला मोजलेली असते. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण लोडवर कोणता इंजेक्टर किती डिझेल टाकतोय हे त्याला तितकं कळत नाही.

धोका जास्त टाकणाऱ्या इंजेक्टरचा आहे. कमी टाकणारा फार तर मिसिंग देतो, पिकअप कमी करतो. थेंब-थेंब गळणारा नोझल पिस्टनचा माथा जाळतो आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतो. मॅन्युअल तर सांगतं की इंजेक्टर बदलला की त्याचा हाय-प्रेशर पाईपही नवा घ्या, कारण पाईपचा शंकू जुन्या तोंडाला दबून बसलेला असतो. एवढं सगळं करायचंच असेल तर चारही एकदम करा आणि पुढचे दोन लाख विसरा.

नोझलबेंच

टॉर्कपाना, तुमचा आयडलचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष "बेंचवर लावा" हा आहे, "चारही फेका" हा नाही. पूर्ण लोडला इंजेक्टर किती टाकतो हे गाडीवर दिसत नाही, बेंचवर दिसतं. टेस्ट शीटवर चार-पाच बिंदू असतात: पूर्ण लोड, मधला लोड, आयडल, पायलट (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा), आणि या प्रत्येकाला रिटर्नला किती परत आलं ते. शीट हातात घेतल्याशिवाय बिल देऊ नका.

या इंजिनाची एक अडचण लक्षात घ्या. रिटर्न पाईप कव्हरच्या आत असल्यामुळे, इतर गाड्यांसारख्या चार बाटल्या लावून कोणता इंजेक्टर जास्त परत टाकतो हे बघता येत नाही. बाहेर फक्त एकूण रिटर्न मोजता येतं. ते जास्त आलं, गरम इंजिन सेल्फला उशिरा उठतंय, आणि थंड असताना बरं उठतंय, तर इंजेक्टरमधल्या व्हॉल्व्हची बैठक झिजल्याचा संशय घ्या. गरम डिझेल पातळ होऊन फटीतून जास्त निसटतं, सेल्फवर रेलला (चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीला) पुरेसं प्रेशर चढत नाही.

गाडीवर स्कॅनर लावून सिलिंडरवार फीडबॅक (ईसीयू प्रत्येक सिलिंडरचं डिझेल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) बघा. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद. आकडे ±३ घनमिलिमीटरच्या आत असतील तर बरं. ५ च्या जवळ गेलेला सिलिंडर तपासायचा. पण थेट इंजेक्टरला दोष देऊ नका, कॉम्प्रेशन कमी असलेला सिलिंडरही असाच आकडा दाखवतो. आधी कॉम्प्रेशन, मग इंजेक्टर.

रीकंडिशनबद्दलही स्पष्ट सांगतो. नोझल आणि कंट्रोल व्हॉल्व्ह मूळ दर्जाचे टाकले, बेंचवर पास झाले, तर तो इंजेक्टर उत्तम चालतो. बाजारात बिनानावाचे व्हॉल्व्ह स्वस्तात मिळतात, त्यांनी पायलटचं प्रमाण बिघडतं आणि गाडी थंडीत ठोका द्यायला लागते. आत सुईची फट दोन-चार मायक्रॉनची असते, तिथे "चालतंय" हा शब्द चालत नाही.

घाटरस्ता

मला मूळ प्रस्तावच पटत नाही. जे चांगलं बसलंय ते दर लाखाला का उघडायचं?

लाख-दीड लाख चाललेला इंजेक्टर हेडमध्ये कार्बनने धरलेला असतो. घाईचा फिटर वरचं डोकं पकडून हलवतो, सोलेनॉइड तुटतो. नाहीतर स्क्रू-ड्रायव्हरने वायसर टेकतो ती हेडमधली बैठक खरवडतो आणि तिथे ओरखडा पडला की नवा वायसरही लीक. जुना वायसर खालीच चिकटून राहिला आणि त्यावर दुसरा बसवला असंही होतं. पाईपची तोंडं उघडी ठेवली की धूळ थेट नोझलमध्ये, आणि नोझलची भोकं मिलिमीटरच्या दशांशाएवढी. लीक नसलेल्या इंजिनात लीक निर्माण करण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे.

त्यापेक्षा ऑइल वेळेवर बदला, दर बदलाला ड्रेन बोल्टच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून जाळी बघा, ऑइल फिल्टर कापून कागदावर खपल्या आहेत का बघा. दिसल्या तरच उघडा.

डिझेलप्रेमी

घाटरस्ता, तुम्ही सांगितलेल्या सगळ्या चुका होतात, पण त्या चुकीच्या हाताच्या आहेत. खपली फिल्टरमध्ये दिसली म्हणजे काजळी आधीच सगळ्या ऑइल गॅलरीतून फिरून आलेली असते. तेव्हा फक्त वायसर बदलून भागत नाही, चेंबर उतरवून जाळीही साफ करावी लागते.

उघडायचं कसं ते नीट लिहितो.

इंजिन बंद करून निदान दहा-पंधरा मिनिटं थांबा. आयडललाही रेलमध्ये साधारण ३०० बार असतात, लोडला १३०० च्या वर. चालू इंजिनावर नट सैल करून "कोणता सिलिंडर मारत नाही" बघायची जुनी सवय इथे अजिबात नको. ती बारीक धार कातडीतून आत शिरते आणि छिद्र टाचणीएवढं दिसलं तरी ताबडतोब शस्त्रक्रिया लागते.

सगळा वरचा भाग धुऊन, हवा मारून कोरडा करा. पाईपचा नट सोडवताना इंजेक्टरचं तोंड दुसऱ्या पान्याने धरा. पाईप निघाला की लगेच दोन्ही टोकांना टोपणं. पाईप ज्या सिलिंडरचा त्याच सिलिंडरला परत, इंजेक्टरचंही तसंच.

इंजेक्टर धरलेला असेल तर आदल्या संध्याकाळी भेदक ऑइल सोडून ठेवा. दुसऱ्या दिवशी बॉडीला पाना लावून डावी-उजवी थोडं-थोडं फिरवा, मग स्लाइड हॅमरने बॉडीतूनच वर घ्या. निघाल्यावर प्रत्येकाच्या बुडाशी वायसर आहे का मोजा. नसेल तर तो हेडमध्येच आहे.

बैठक साफ करणं हे या कामाचं मर्म. सिलिंडरमध्ये जाणाऱ्या भोकात ग्रीस लावलेली कापडी गुंडी घाला आणि तिला दोरा बांधून टोक बाहेर ठेवा. बैठक साफ करायच्या कटरच्या दातांना ग्रीस, हाताने, हलक्या दाबाने फिरवा. कार्बन निघून धातूची अखंड चकचकीत रिंग दिसली की थांबा. उगाच धातू कापत बसलात तर नोझल खाली उतरतो आणि फवाऱ्याची जागा बदलते. टॉर्चच्या उजेडात रिंगला कुठेही तोडणारी काळी रेघ दिसली तर ती लीकची वाट आहे. मग व्हॅक्यूम करा, गुंडी ओढा, आणि इंजेक्टर न बसवता, पंपाची डिझेल बंद करून दोन-तीन सेल्फ मारून राहिलेला चुरा उडवा.

वायसर मूळ जाडीचाच, कोरडा. ग्रीस इंजेक्टरच्या बॉडीला चालेल, तेही उच्च तापमानाचं सिरॅमिक; वायसरला आणि नोझलच्या टोकाला नाही. क्लॅम्पच्या बोल्टच्या भोकात ऑइल साचलं असेल तर शोषून घ्या, नाहीतर टॉर्क पाना "क्लिक" करतो आणि क्लॅम्प सैलच राहतो. क्लॅम्प आधी हलके बसवा, पाईपचे नट हाताने लावून इंजेक्टर सरळ उभे राहू द्या, मग क्लॅम्प पूर्ण टॉर्कला, आणि शेवटी पाईप.

जुनावायसर

एवढे नवे वायसर आणायची गरज काय? तांबं लाल करून पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ होतं. ट्रॅक्टर-ट्रकवाले आयुष्यभर हेच करत आलेत आणि इंजिनं चालतायत.

नोझलबेंच

मऊपणा परत येतो, जाडी येत नाही. दबलेल्या वायसरवर बैठकीची खाच उमटलेली असते. ती खाच नव्याने तशीच जुळणार नाही, गॅसला वाट मिळते. शिवाय भाजल्यावर वर येणारा काळा पापुद्रा घासून काढला की वायसर आणखी पातळ. ट्रॅक्टरच्या जुन्या इंजेक्टरला साधारण २०० बारला उघडणारा नोझल होता आणि लीक बाहेर दिसत होतं. इथे लीक ऑइलमध्ये जातं. तुलना बसत नाही.

घाटरस्ता

डिझेलप्रेमी, पद्धत उत्तम लिहिलीत. पण माझा प्रश्न तसाच राहतो: न उघडता तपासता येत असेल तर लाखाचा नियम कशाला? हीटर प्लग काढा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या बिंदूला) आणा, प्लगच्या भोकातून ६-७ बार हवा द्या. ऑइल भरायच्या झाकणातून हवा येतेय का ऐका.

डिझेलप्रेमी

झाकणातून हवा आली तर ती रिंगमधून आली की वायसरमधून हे कसं ठरवणार? दोन्ही वाटा शेवटी क्रँककेसमध्येच उघडतात, आणि अडीच लाखाच्या इंजिनात रिंगमधून थोडी हवा येणारच. कव्हर काढून इंजेक्टरच्या बुडाशी थोडं ऑइल ओतलंत तर बुडबुडे दिसतील, तीच खरी तपासणी. पण कव्हर काढलं म्हणजे अर्धं काम झालंच, मग वायसरसाठी पुढचा तास वाचवायचा नाही.

तुमची चाचणी लाखाच्या आधी मधूनमधून करायला मात्र चांगली. झाकणातून काहीच येत नाही, तर निश्चिंत राहा.

बारकाईने

सगळे वायसरवर बोलताहेत, रिटर्नच्या सीलबद्दल कोणीच नाही. आतल्या रिटर्न पाईपचे पोकळ बोल्ट आणि त्यांचे वायसर लीक झाले तर डिझेल थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढते, ऑइलला डिझेलचा वास येतो, आणि मंडळी नोझल गळतोय म्हणून इंजेक्टर बदलतात.

म्हणून कव्हर लावण्याआधी रिटर्नच्या बाहेरच्या तोंडातून सुमारे १ बार हवा द्या, जास्त नको, आणि प्रत्येक बोल्टला साबणाचं पाणी लावा. मिनिटभर एकही बुडबुडा नको. पोकळ बोल्टचे वायसर दरवेळी नवे. कव्हरमध्ये इंजेक्टरभोवतीचे चार सील आणि कव्हरचं गॅस्केटही त्याच वेळी. सील बसवताना आतल्या ओठाला ऑइल लावा, कोरडा बसवला तर ओठ उलटतो आणि इंजेक्टरच्या खळग्यात ऑइल साचतं.

ओ-रिंग घेताना रंगावर जाऊ नका. हिरवी म्हणजे व्हायटॉन असं काही नाही. साधी नायट्राइल रिंग या उष्णतेत कडक होऊन तडकते. पाकिटावर एफकेएम (व्हायटॉन जातीचं रबर) लिहिलेलंच घ्या.

टॉर्कपाना

रिटर्नचा मुद्दा महत्त्वाचा. पण नोझलबेंच यांना एक प्रश्न. चारपैकी दोन बेंचवर नापास आणि दोन जेमतेम पास, तर? मी तरी चारही करेन. जेमतेम पास म्हणजे वर्षभरात नापास, आणि मजुरी परत तीच.

नोझलबेंच

तिथे तुमच्याशी सहमत. तीन किंवा चार मर्यादेच्या कडेला असतील तर चारही करा. एक नापास आणि तीन मर्यादेच्या मधोमध असतील तर एकच. शीट बघून ठरतं, किलोमीटर बघून नाही.

इंजेक्टर बदलला आणि त्यावर कोड छापलेला असेल तर तो स्कॅनरने ईसीयूत भरा आणि पायलट लर्निंग करून घ्या. कोड न भरता दिलेल्या गाडीचा ठोका घेऊन लोक परत बेंचवर येतात, आणि इंजेक्टर निर्दोष निघतो.

आणि हे सगळं उघडण्याआधी डेन्सो एचपी३ या हाय-प्रेशर डिझेल पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा) तपासा. आयडल वर-खाली होणं, चढावर ताकद तुटणं, मधेच बंद पडणं ही लक्षणं त्याचीही असतात. स्कॅनरवर अपेक्षित आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर एकमेकांभोवती हिंदकळत असतील तर आधी तो बदला. दोन बोल्ट आणि एक ओ-रिंग. मात्र डिझेल फिल्टरमध्ये धातूची चमकी दिसली तर थांबा. ती पंपाची झीज आहे, नवे इंजेक्टर टाकले तरी ती चमकी त्यांनाही खाईल.

डिझेलप्रेमी

एक राहिलं. वायसर बदलल्यावर त्याच दिवशी ऑइल आणि फिल्टर बदला, आणि हजार किलोमीटरला पुन्हा एकदा. हेडमध्ये साचलेली काजळी नव्या ऑइलने सुटून खाली येते. दुसऱ्या बदलाचा फिल्टर कापून बघा. त्यात खपल्या असतील तर चेंबर उतरवून जाळी काढा, गाडी तोवर घाटात नेऊ नका.