केस गळतात म्हणून तेल, की झोप उडाली म्हणून केस?

धुऱ्यावरची (घाटंजी तालुका, यवतमाळ)
आधी माझ्या जावेचं सांगते, मग मत. आमच्याकडे बाया विंचरताना निघालेले केस गुंडाळून कोनाड्यात ठेवतात आणि केसांवर भांडी देणारी आली की तिला देतात. जावेचे एक मूठ केस जमायला वर्ष लागायचं. या डिसेंबरात दीड महिन्यात कोनाडा भरला. भांडीवालीनं विचारलं, "घरात किती बाया हाय?" एकटीचेच आहेत म्हटल्यावर ती केस हातात धरून नुसती पाहत राहिली.

सप्टेंबरात दिराला वावरात साप चावला होता. नऊ दिवस दवाखाना झाला, त्यातच सोयाबीन भिजलं, बचत गटाचा हप्ता थकला. दीर बरे झाले. जाऊ मात्र रात्री दोन-दोनदा उठून त्यांच्या पायाला हात लावून पाहायची, गार तर पडला नाही ना. चार महिने तिला सलग झोप नाही. आणि घरात उपाय काय झाला? मोबाइलवर पाहून बाराशे रुपयांची 'आयुर्वेदिक' तेलाची बाटली मागवली.

त्या बाटलीला आयुर्वेद म्हणायला माझा विरोध आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, म्हणजे रोगांची कारणं सांगणाऱ्या भागात, लिहिलंय, 'क्रोधशोकश्रमकृतः शरीरोष्मा शिरोगतः'. राग, शोक आणि श्रम यांनी अंगातली उष्णता डोक्यात चढते. ज्या शास्त्रानं केसांच्या दुखण्याचं मूळ शोकात पाहिलं, त्याचा उपचार बाटलीत कसा मावेल? जावेला आधी झोप पाहिजे, वेळेवर जेवण पाहिजे, जवळ बसून ऐकणारं कोणी पाहिजे. तेल सगळ्यात शेवटी. पटत नसेल तर सांगा.

पऱ्हाटीवाला (दर्यापूर)
ताई, मले नाही पटत. माही माय घरीच तेल करे. नाल्याच्या काठानं माका उगवते, तो सकाळीच उपटून आने, पाट्यावर वाटून रस काढे. तिळाचं तेल एक भाग त रस चार भाग, लोखंडी कढईत, मंद आचेवर. झालं का नाही पाहाले कापसाची वात तेलात भिजवून पेटवे. तडतडली त पानी राह्यलं, अजून शिजवा. पुरे दोन दिवस लागत.

आन् मंग संध्याकाळी बहिनीले पुढ्यात घेऊन अर्धा घंटा डोक्शात जिरवे. बहीन माहेरी आली का पह्यले दोन दिवस काहीच बोले ना. तेल लावता लावता समदं सांगून मोकळी होये. तुमी म्हनता ते ऐकनारं मानूस त्या तेलासंगच होतं. बाटलीले नावं ठेवा, तेलाले शेवटी कायले ढकलता?

उपकेंद्रातली सिस्टर (वाशीम जिल्हा)
मला दोघांचंही पटत नाही. ताई, तुम्ही मनाच्या त्रासापासून सुरुवात केली, भाऊंनी तेलापासून. रक्त कोणी तपासलं?

दिवसाला 50 ते 100 केस गळणं नेहमीचं आहे. मोठा धक्का, ताप, बाळंतपण किंवा उपासमार झाली की पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मुठीनं निघतात. सप्टेंबर ते डिसेंबर, तुमच्या जावेचा हिशेब बरोबर बसतो. यात मूळ जिवंत असतं. कारण गेलं की साधारण सहा महिन्यांत गळणं थांबतं आणि नवे केस येतात, तेल लावा की नका लावू. म्हणूनच प्रत्येक तेलाला यश येतं.

पण कारण एकच असेल असं धरून चालू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 54 टक्के बायांना रक्तक्षय निघाला. लोह कमी पडलं तरी केस जातात, थायरॉइड बिघडलं तरी जातात.

शेगाव तालुक्यातलं बोंडगाव आठवा. डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 मध्ये तिथं आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत झडून टक्कल पडलं. लोकांना आधी पाण्याचा संशय होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी नमुने तपासून, खाण्यातल्या गव्हात सेलेनियम फार जास्त आहे आणि रुग्णांच्या अंगात झिंक कमी आहे, असं मांडलं. त्या माणसांना आपण 'टेन्शन घेऊ नका' म्हणालो असतो तर?

कोरडवाहू (केळापूर)
सिस्टरचं बरोबर आहे, पण मला राग दुसऱ्याच गोष्टीचा येतो. 'ताण कमी करा' हे सांगायला किती सोपं! जावेचा ताण हा थकलेला हप्ता आहे. कपाशीचा भाव पडला की तो वाढतो, कर्ज फिटलं की कमी होतो. शहरात शिरोधारा करतात, कपाळावर तासभर तेलाची धार सोडतात. दोन एकरवाल्या बाईला पहाटे पाचला वेचणीला जायचं असतं. तिच्या झोपेवर व्याख्यान देण्याआधी घरातली चार कामं दुसऱ्या कोणी उचलली का, ते विचारा. ताई, तुमच्या दिरानं उचलली का?

वैद्य (अमरावती)
धुऱ्यावरच्या ताईंनी अर्धाच श्लोक दिला. पुढे 'पित्तं च केशान् पचति पलितं तेन जायते' असं आहे. म्हणजे तो केस पिकण्याबद्दल आहे, गळण्याबद्दल नाही. गळण्याचं वर्णन त्याच अध्यायात वेगळं येतं: रोमकूपातलं, म्हणजे केसाच्या मुळाच्या छिद्रातलं, पित्त वातासह केस पाडतं आणि नंतर कफ-रक्त ती वाट बंद करतात. शास्त्राचा आधार घ्यायचा तर पुरा घ्यावा.

सिस्टरांशी माझं भांडण नाही. चरकानं केसांना अस्थिधातूचा मल, म्हणजे हाडांच्या पोषणातून उरणारा भाग, म्हटलंय. धातूंचं पोषणच नीट नसेल तर वरून काय लावता? रक्त जरूर तपासा. मी स्वतः माका, आवळा, नस्य (नाकात औषधी तेलाचे थेंब), पादाभ्यंग (तळपायाला तेल चोळणं) वापरतो आणि झोपेवर चांगला फरक पाहतो. चाई पडून गोल चट्टे दिसले, डोक्यात खवले आले, तर मात्र तेल चोळत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक, पोटतिडकीनं सांगतो. ताणावर म्हणून अश्वगंधा आता किराणा दुकानातही मिळते. काही छोट्या चाचण्यांत ताण आणि झोपेसाठी तिचा उपयोग दिसलाय. पण गरोदरपणात ती नको, थायरॉइडची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको, आणि क्वचित यकृतालाही इजा झाल्याची नोंद आहे. झाडपाला आहे म्हणून निर्धोक, हे आमचं शास्त्र नाही.

पऱ्हाटीवाला
वैद्यबुवा, मानलं. पन सिस्टर, 'तेल लावा की नका लावू' हे मी मानत नाही. केस त्यानं नसतीन येत, बहिनीची झोप त्यानंच आली होती.

उपकेंद्रातली सिस्टर
झोपेसाठी लावा, भाऊ, मी कुठं अडवते. केसांसाठी बाराशे नका घालवू, एवढंच. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. आणि रात्री फारच घाबरं होत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात.

धुऱ्यावरची
वैद्यजी, श्लोक अर्धवट दिला ही माझी चूक. सिस्टर, काल जावेला घेऊन गेले. हिमोग्लोबिन 8.2 निघालं. गोळ्या सुरू केल्या. कोरडवाहू भाऊ, नाही, दिरानं काम उचललं नव्हतं. आज त्यांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. पाणी भरायचं त्यांनी घेतलंय. हप्त्याचा विषय शुक्रवारी गटाच्या बैठकीत मी काढणार आहे.

तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. रात्री ते बाराशेचं तेल मी जावेच्या तळपायाला चोळलं, डोक्याला नाही. पहिला पाय होईस्तोवर ती गप्प होती. दुसऱ्या पायाला तिनं सांगितलं, साप चावला त्या सकाळी बूट न घालता निघाले म्हणून ती दिरावर ओरडली होती आणि वैतागून म्हणाली होती, जा मरा. हे तिनं चार महिने कोणाला सांगितलं नव्हतं.