८×११ च्या खोलीत तानपुरा-तबल्याच्या मिक्ससाठी मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर): पाच इंची की आठ इंची?

खर्जाचा_सा:
खोली ८×११ फूट. टेबल ८ फुटी भिंतीला, खुर्ची मधोमध. पुरुष गायक (सा काळी एकचा, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा), तानपुरा, तबला, हार्मोनियम असं रेकॉर्डिंग असतं. सध्या साधे मल्टिमीडिया स्पीकर आहेत. मिक्स करताना खर्ज कमी वाटतो म्हणून वाढवतो, मग गाडीत तोच घुमतो. आठ इंची यामाहा एचएस८ घेतले तर खालचं नीट कळेल, की पाच इंची एचएस५ पुरे? एरवी गाणीही यांवरच ऐकायची आहेत.

तरंगलांबी:
आठ इंचीच्या नादी लागू नका, गडबड खोलीच्या रुंदीत आहे. काळी एकचा सा साधारण १३९ हर्ट्झ, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी म्हणजे ६९. आता ८ फूट म्हणजे २.४४ मीटर, ३४३ ला त्याच्या दुपटीने भागा, ७० येतात. खर्ज नेमका रुंदीच्या अनुनादावर (ज्या सुराला दोन भिंतींमधली हवा घुमते) बसलाय. या अनुनादाचा दाब बाजूच्या भिंतींशी सर्वाधिक आणि बरोबर मधोमध जवळजवळ शून्य, तुमची खुर्ची तिथेच. खात्री करायची तर तानपुरा फक्त डाव्या स्पीकरमधून लावा आणि बाजूच्या भिंतीशी जाऊन ऐका. (दोन्हींतून सारखाच आला तर हा अनुनाद फारसा उठत नाही.)

खुर्चीपाशी पडलेला खड्डा इक्यूने (ठरावीक स्वर वाढवायची-उतरवायची सोय) भरत नाही. ६९ ला ६ डीबी चढवले की खुर्चीत जेमतेम फरक, भिंतीशी मात्र घुमणं दुप्पट. खर्जाची पातळी बंद (कान पूर्ण झाकणाऱ्या, क्लोज्ड-बॅक) हेडफोनवर ठरवा, तिथे खोली मध्ये येत नाही.

एचएस५ घ्या. यामाहाच्या आकड्यांत तो ५४ हर्ट्झपर्यंत उतरतो (तिथे आवाज १० डीबीने उतरलेला असतो), तुमच्या कामाला पुरे. मागच्या भिंतीपासून दहा-बारा सेंमी सोडून ठेवा. पोर्ट (बासची हवा सोडणारं भोक) मागे आहे, अगदी चिकटवू नका. स्पीकरचा खोका पुढून मागे २२ सेंमी, म्हणजे पुढचा पृष्ठभाग भिंतीपासून साधारण ३४ सेंमीवर येतो. भिंतीवरून परतणारा आवाज मग २५० हर्ट्झच्या आसपास थेट आवाजाची काटछाट करतो, आणि तिथे १० सेंमी जाड रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी तंतूंची गादी) चालतो. हेच अंतर ४ फूट झालं तर काटछाट पुन्हा ७० वर! भिंतीजवळ बास फुगतो, त्यासाठी मागचा रूम कंट्रोल (बास उतरवणारा खटका) −२ वर, नाहीतर −४ वर. दोन स्पीकरमध्ये साडेतीन फूट, तेवढंच प्रत्येकापासून कानापर्यंत, ट्विटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला.

खर्जाचा_सा:
भिंतींना अंड्यांचे ट्रे लावलेत. राहू देऊ?

तरंगलांबी:
काढा. वरचे स्वर थोडेफार विखुरतात, २०० च्या खाली काहीही करत नाहीत, आणि पेटायला सोपे. त्याऐवजी घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलच्या ५० मिमीच्या दोन-दोन स्लॅब एकावर एक, कापडात पक्क्या गुंडाळून कोपऱ्यांत आणि स्पीकरच्या मागे. स्लॅब कापताना हातमोजे नि मास्क हवाच.

जॅक_ते_जॅक:
रोजच्या ऐकण्याबद्दल. एचएस५ ला आरसीए (घरगुती ऑडिओची जोडणी) इनपुट नाही, फक्त एक्सएलआर आणि टीआरएस (स्टुडिओतल्या जोडण्या). इंटरफेस (माइक नि स्पीकर संगणकाला जोडणारा डबा) ते स्पीकर टीआरएस-टीआरएस बॅलन्स्ड (गुणगुण टाळणारी) केबलच घ्या. दिसायला तसाच दिसणारा गिटारचा टीएस केबल देऊन दुकानदार मोकळा होतो आणि गुणगुण सुरू होते. प्लगवर दोन काळे पट्टे असले तर टीआरएस. तरी गुणगुण राहिली तर संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. अर्थची पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

स्पीकर सगळ्यांत शेवटी चालू, सगळ्यांत आधी बंद, नाहीतर इंटरफेसचा ठोका वूफरवर (बासच्या मोठ्या स्पीकरवर) बसतो. माइक चालू असताना मॉनिटर म्यूट, गायकाला बंद हेडफोन. गाणी ऐकताना जुनी ध्वनिमुद्रणं रुक्ष वाटतील, खरखरही ऐकू येईल. हाय ट्रिम (वरच्या स्वरांचा मागचा खटका) −२ वर नेला की कानाला सुसह्य होतं, फक्त मिक्सला बसताना परत ० वर आणा.

अमेरिकेतून कोणी आणून देणार असेल तर आधी मागचं लेबल बघायला सांगा. नुसतं १२० व्होल्ट लिहिलेली जोडी आपल्या २३० वर थेट लावली तर जळेल.