मदत हवी आहे: दाब वाढवला तरी सबहार्मोनिक सरळ उतरत नाही (ट्यूमरमधला द्रवदाब)

टिळकवाडी_लॅब: बेळगावात ट्यूमरमधला द्रवदाब सुई न टोचता, कॉन्ट्रास्ट अल्ट्रासाउंडने (रक्तात सूक्ष्म वायूचे बुडबुडे सोडून) मोजायची तयारी चालू आहे. सध्या टाकीत कॅलिब्रेशन करतोय. बंद ॲक्रिलिक टाकी, 37 अंश, पातळ केलेलं सोनोव्ह्यू (अशा बुडबुड्यांचं औषध), 5 मेगाहर्ट्झला ट्रान्समिट, 2.5 ला रिसीव्ह, एमआय (मेकॅनिकल इंडेक्स, ध्वनीच्या जोराचा मशीनवरचा आकडा) 0.2. दाब बीपीच्या फुग्याने हवा भरून, 0 ते 60 मिमी पारा. सबहार्मोनिक (बुडबुड्यांकडून निम्म्या वारंवारतेला परत येणारा सिग्नल) दाब वाढला की सरळ उतरतो असं वाचलं होतं, पण इथे कधी उतरतो, कधी चढतो. दाब 0 वर आणला तरी पहिला आकडा परत येत नाही. कुठे बघावं?

खानापूरकर: आधी एमआय बघा. 5 मेगाहर्ट्झला 0.2 म्हणजे सुमारे 450 किलोपास्कल, तोही ऊतीतली घट वजा करून. पाण्यात त्याहून जास्तच पडतो. एवढ्यात बुडबुडे फुटतात. हायड्रोफोन (पाण्यातला ध्वनीचा दाब मोजणारा सेन्सर) लावून फोकसपाशी खरे किलोपास्कल मोजा, मशीनच्या आकड्यावर जाऊ नका. मग टाकीचा दाब 0 ठेवून ट्रान्समिट थोडा थोडा वाढवत आलेख काढा. सुरुवातीला सबहार्मोनिक जवळपास नसतो, मग एकदम चढतो, शेवटी सपाट होतो. काम त्या चढाच्या पट्ट्यातच करायचं. सपाट भागात दाबाचा फरक नीट दिसत नाही.

चढणं मात्र बिघाड नव्हे. सोनोव्ह्यूचं लिपिड कवच थोड्या दाबाने मुडपतं, आणि कमी ट्रान्समिटला सबहार्मोनिक उलट वाढतो. तुम्ही वाचलेला उतार बहुतेक सोनाझॉइडचा (असंच दुसरं बुडबुड्यांचं औषध) असेल. एजंट बदलला की कॅलिब्रेशन नव्याने करायचं, दुसऱ्याचा उतार उसना घेऊ नये.

निपाणी_फिजिक्स: 0 वर आकडा न जुळणं हे बुडबुडे मरत असल्याचं लक्षण. प्रत्येक दाबाला ताजा डोस घ्या, दाबांचा क्रम उलटसुलट ठेवा, मधे मधे 0 तपासा. 20 गेजपेक्षा बारीक सुईने जोरात ओढलंत तर टाकीत जाण्याआधीच बुडबुडे फुटतील. डोस जास्त झाला तर मागच्या थराचा आवाज पुढचा थर खातो. मॅग्नेटिक स्टरर हळू ठेवा, भोवरा नको.

हवेचा फुगा बंद करा. दाबलेली हवा पाण्यात विरघळते आणि बुडबुड्यांतल्या वायूची अदलाबदल बदलते. त्यापेक्षा टाकीला पाण्याची उभी नळी जोडा: 68 सेंटीमीटर उंची म्हणजे 50 मिमी पारा. आपल्या 750 मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे 695 मिमी असतो, म्हणून 50 मिमी वाढीने बुडबुड्याची त्रिज्या जेमतेम सव्वादोन टक्के घटते. सगळा खेळ एवढ्याशा फरकावर आहे.

टिळकवाडी_लॅब: मनापासून आभार. ट्यूमरवर हाच उतार थेट लावता येईल का?

खानापूरकर: थेट नको. बुडबुडे रक्तवाहिनीतच राहतात, ऊतीच्या द्रवात उतरत नाहीत. ट्यूमरच्या वाहिन्या गळक्या, म्हणून वाहिनीतला दाब आणि ऊतीतला द्रवदाब जवळपास सारखे होतात. त्याच आधारावर हे मोजमाप उभं आहे. शिवाय डेसिबलचा सुटा आकडा खोलीने आणि गेनने (मशीनने सिग्नल किती वाढवला त्याने) बदलतो. त्याच फ्रेममध्ये, तेवढ्याच खोलीवर शेजारची निरोगी ऊती घ्या आणि दोघांतला फरक वापरा. निरोगी ऊतीत द्रवदाब 0 च्या आसपास, ट्यूमरमध्ये बरेचदा 10 ते 40 मिमी पारा. प्राण्यांवर जाल तेव्हा एथिक्स कमिटीची परवानगी काढून त्याच बैठकीत विक-इन-नीडलनेही (आत धागे असलेली, दाब मोजायची सुई) दाब घ्या, पण स्कॅन आधी आणि सुई नंतर. टोचल्यावर द्रव गळून दाब उतरतो.